दुधाच्या जाहिरातीतलं सुखी कुटुंब : काउसिल्स आणि इतर घरगुती बँड

रेकॉर्डप्लेअर

'द पार्ट्रिज फॅमिली' नावाची अमेरिकन मालिका इथल्या काही जुन्या लोकांना ठाऊक असेल. १९७० ते १९७४ चालली. विधवा आई, पाच पोरं, रंगीबेरंगी बस आणि गाणी. ही कल्पना ज्या खऱ्या घरावरून सुचली ते घर म्हणजे ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टचे काउसिल. निर्माते आधी त्यांच्याकडेच गेले होते. पण आईचं काम खऱ्या आईऐवजी शर्ली जोन्स करणार म्हटल्यावर बोलणी फिसकटली.

खरं घर कसं होतं ते सांगायला हा धागा.

बाप बड काउसिल, नौदलात वीस वर्षं काढून निवृत्त. आई बार्बरा. सात मुलं. बिल आणि बॉब हे मोठे दोघे गिटारवर, मग बॅरी आणि जॉन आले. कॉलेजातल्या पार्ट्या आणि न्यूपोर्टच्या धक्क्यावरचे क्लब असं करत करत १९६५ मध्ये पहिली तबकडी निघाली. ती चालली नाही. पुढच्या कंपनीतही बात जमली नाही. पण त्यातून आर्टी कॉर्नफेल्ड हा गीतकार-निर्माता त्यांच्याबरोबर आला (हाच पुढे वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या आयोजकांपैकी एक). १९६७ मध्ये एमजीएम या कंपनीकडून आलेलं 'द रेन, द पार्क अँड अदर थिंग्ज' बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, दहा लाखांच्या वर खपलं. याच सुमाराला आईलाही गायला घेतलं. आठ वर्षांची सुझन आणि पॉलही आले. पोरांना आई स्टेजवर नको होती, हे उघड आहे. एकोणीस वर्षांच्या रॉक गाणाऱ्या मुलाला शेजारी आई उभी हवी असेल का? पण 'आईसकट बँड' हाच विकायचा माल ठरला. अमेरिकेच्या डेअरी संघटनेने त्यांना दुधाच्या जाहिरातीत घेतलं. निरोगी, हसरं, दूध पिणारं कुटुंब.

आता आतली बाजू. बड दारू प्यायचा आणि मुलांना मारायचा. हे मुलांनी स्वतः सांगितलंय, २०११ च्या माहितीपटात तर सविस्तर. मॅनेजर तोच, हिशेब त्याच्याच हातात. एड सुलिव्हनच्या शोशी दहा वेळा येण्याचा करार होता. त्या काळी तो शो म्हणजे अख्खा देश रविवारी रात्री टीव्हीसमोर. काउसिल्स दोनदाच दिसले. एका माइकवरून, कार्यक्रमात तो चालूच झाला नव्हता म्हणून, बडचं सुलिव्हनच्या जावयाशी वाजलं. उरलेले आठ कार्यक्रम गेले. जावई शोचा निर्माता होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी घरचाच कारभार!

वर्षाला सरासरी दोनशे कार्यक्रम चालायचे. इतकं करून १९७२ मध्ये बँड संपला तेव्हा हाती काही नव्हतं, डोक्यावर कर्ज होतं. मिळवलेले कोट्यवधी डॉलर कुठे गेले, याचा मुलांना पत्ताच नव्हता.

मला खटकतं ते हे, की या पोरांनी तक्रार करायची कोणाकडे? घरी मार बसला तर सांगायचं बापाला आणि कामाचे पैसे मिळाले नाहीत तर विचारायचं मॅनेजरला. माणूस एकच.

असे आणखी बँड आठवत असतील तर लिहा.

---

ठिपक्यांची रांगोळी

छान लिहिलंय. पण सात मुलं म्हणालात आणि बँडमध्ये सहाच दिसतायत. सातवं कोण?

---

रेकॉर्डप्लेअर

@ठिपक्यांची रांगोळी, रिचर्ड. बॉबचा जुळा भाऊ. बापाने त्याला बँडमध्ये घेतलंच नाही. इतर भावंडं स्टेजवर आणि हा त्यांचं सामान उचलायला. पुढे व्हिएतनामला गेला, परत आल्यावर बरीच वर्षं व्यसनात गेली. २०१४ मध्ये वारला.

मूळ लेखात मुद्दाम घातलं नव्हतं, कारण त्याच्यावर वेगळं लिहायला हवं. एकाच दिवशी जन्मलेला भाऊ साऱ्या देशाच्या टीव्हीवर आणि आपण पडद्यामागे वायरी गुंडाळतोय. तेही आवाज वाईट आहे म्हणून नाही. त्याला तशी संधी मिळालीच नाही.

---

निवांत पाटील

जरा उलट बाजू. नौदलातल्या शिस्तीचा बाप नसता तर ही पोरं गल्लीतच वाजवत बसली असती. दहा जणांचा बँड चार महिन्यांत फुटतो, भांडणं होतात, कोणी तालमीला येत नाही. घरचा बँड टिकतो कारण डोक्यावर कोणीतरी असतं. जो जॅक्सनने बेल्ट काढला नसता तर मायकेल जॅक्सन झाला असता का?

(मारणं बरोबर आहे असं म्हणत नाही. आधीच सांगतो, नाहीतर सगळे माझ्यावर तुटून पडतील.)

---

झिपरी

@निवांत पाटील, तुटून पडायचं नाही म्हणून आधी पाणी प्यायले आणि मग लिहायला बसले.

जो जॅक्सन इंडियाना राज्यातल्या गॅरी गावात पोलाद कारखान्यात क्रेनवर. घर दोन बेडरूमचं, त्यात नऊ पोरं. तालमी शाळेतून आल्यावर, रोज. १९६७ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ते जिंकले तेव्हा मायकेल जेमतेम नऊ वर्षांचा होणार होता. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीकडून आलेल्या त्यांच्या पहिल्या चारही गाण्यांनी १९७० मध्ये पहिला क्रमांक गाठला. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण मायकेलने १९९३ मध्ये ओप्रा विन्फ्रीला सांगितलं की बाप समोर आला की कधीकधी त्याला उलटी व्हायची. जोने स्वतः २००३ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत छडी आणि बेल्ट वापरल्याचं कबूल केलं. तालमीच्या वेळी पट्टा हातात घेऊन खुर्चीत बसलेला बाप आणि समोर नाचणारी पोरं, यातून 'शिस्त' नावाचा पदार्थ निघतो असं तुम्हाला वाटत असेल तर ठीक आहे. मला तर वाटतं मुलाच्या अंगात मुळात गुण होता आणि तो बापाच्या हातूनही वाचला.

दुसरं म्हणजे शिस्त लावणारे हे बाप करारनाम्यांच्या बाबतीत अगदी ढिले. १९७५ मध्ये जॅक्सन भावंडं मोटाउन सोडून एपिक या दुसऱ्या कंपनीकडे गेली तेव्हा कळलं की 'जॅक्सन फाइव्ह' हे नावसुद्धा त्यांचं नाही, मोटाउनचं आहे. स्वतःच्या आडनावाचा बँड आणि नाव दुसऱ्याच्या मालकीचं! म्हणून ते 'द जॅक्सन्स' झाले. जर्मेन मागेच राहिला, कारण त्याची बायको मोटाउनच्या मालकाची, बेरी गॉर्डीची मुलगी. एका सहीत भाऊ आणि व्याही दोन्ही बाजू फाटल्या. त्याच्या जागी धाकटा रँडी आला.

---

साडेमाडे

धागा वाचतोय. पॉपकॉर्न आणलेत. दूधही.

---

निवांत पाटील

@झिपरी, तुमचा करारनाम्याचा मुद्दा मान्य. पण मग बाहेरचा मॅनेजर ठेवला असता तर तो काय साधूसंत असता? त्यानेही लुटलंच असतं.

---

रेकॉर्डप्लेअर

लुटलं असतं. पण बाहेरच्या मॅनेजरला काढून टाकता येतं, कोर्टात खेचता येतं. बापाला काढायचं म्हणजे काय, याचं उदाहरण बीच बॉइज.

कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नचे ब्रायन, डेनिस आणि कार्ल विल्सन, आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन. मॅनेजर बाप, मरी विल्सन. तोही मारकुटा. १९६४ मध्ये पोरांनी धीर करून त्याला मॅनेजरपदावरून काढलं. तरी १९६५ मध्ये एका गाण्याच्या रेकॉर्डिंगला हा गडी स्टुडिओत हजर, प्यायलेला, आणि सगळ्यांना कसं गायचं ते शिकवतोय. टेप चालूच होती, त्यामुळे ती बडबड आजही ऐकता येते. ब्रायन आधी समजावतो, मग चिडतो, मग थकून जातो. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता आणि अमेरिकेतल्या सगळ्यात यशस्वी संगीतकारांपैकी एक.

गाण्यांचे प्रकाशन हक्क मात्र मरीच्या कंपनीकडेच राहिले. १९६९ मध्ये त्याने ते सगळे सात लाख डॉलरना विकून टाकले. पुढे त्यांची किंमत किती झाली ते सोडाच. १९८९ मध्ये ब्रायन कोर्टात गेला, १९९२ मध्ये तडजोडीत एक कोटी डॉलर मिळाले. ते मिळाल्या मिळाल्या माइक लव्हने आपलं नाव गाण्यांवर घातलं नाही म्हणून ब्रायनवर दावा ठोकला आणि १९९४ मध्ये जिंकला. आमच्याकडे जमिनीच्या तुकड्यावरून चुलतभाऊ तीस वर्षं बोलत नाहीत, तिथे गाण्याच्या तुकड्यावरून.

अवांतर: काउसिल्सचा जॉन पुढे दोन दशकांहून अधिक काळ माइक लव्हच्या बीच बॉइजमध्ये ड्रम वाजवत होता. त्यांना एकमेकांना काही समजावून सांगावं लागलं नसेल.

---

अनवाणी

चर्चा सगळी बापांवर चाललीये. बार्बराचं काय झालं?

---

रेकॉर्डप्लेअर

बँड बंद पडल्यावर नवरा-बायको वेगळे झाले. बार्बरा अ‍ॅरिझोनात एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला काम करायची. १९८५ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने गेली, ५६ व्या वर्षी. दुधाच्या जाहिरातीतली आई.

---

अनवाणी

हे मूळ लेखात यायला हवं होतं हो.

मुलांना आई स्टेजवर नको होती असं लिहिलंत, तिला स्वतःला तरी जायचं होतं का? चाळिशीला टेकलेली सात मुलांची आई, आखूड स्कर्ट घालून पोरांच्या वयाच्या प्रेक्षकांसमोर. घरी तोच नवरा. रोज सकाळी सगळ्यांना उठवून गाडीत बसवायचं कामही तिचंच असणार. पोरांवर झालेला अन्याय पोरांनी मोठेपणी सांगितला. तिचं सांगायला ती उरलीच नाही.

---

भीमाकाठ

अनवाणी ताईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. कुटुंबाचा फड म्हटलं की आपल्याकडे विठाबाई. बाप आणि चुलता म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर, त्यांचा फड. मुलगी लहानपणापासून त्यातच वाढलेली. भरल्या दिवसांची असताना नाचत होती, कळा आल्यावर पडद्यामागे बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा पदर खोचून बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? लोक ती अभिमानाने सांगतात. मला ती ऐकली की आधी प्रश्न पडतो, तिला त्या रात्री सुट्टी देणारं फडात कोणीच कसं नव्हतं? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान, आणि २००२ मध्ये गेली ती हलाखीत. आता सरकार तिच्या नावाने जीवनगौरव देतं.

पॉप बँड आणि तमाशा एका मापाने मोजत नाही. जातीचा काच तिच्या वाट्याला आला तो काउसिलांच्या वाट्याला आला नाही, हा फार मोठा फरक आहे. पण घर आणि धंदा एकच असला की सुट्टी कोण देणार, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

---

झिपरी

@भीमाकाठ, _/\_ 

---

बोस्टनचा बंड्या

न्यूपोर्ट आमच्यापासून गाडीने दीड तास. उन्हाळ्यात पाहुणे आले की धनाढ्यांचे जुने वाडे दाखवायला न्यावंच लागतं. काउसिल्स ज्या धक्क्यावर वाजवायचे त्या बॅनिस्टर्स व्हार्फवर आता दुकानं आणि कालवं खायची हॉटेलं आहेत.

बिलबद्दल लिहायला हवं. 'हेअर' हे त्यांचं १९६९ चं गाणं पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणजे ते एका टीव्ही कार्यक्रमासाठी केलेलं, निर्मिती पोरांची स्वतःची, आणि कंपनीला ते काढायचंच नव्हतं. सोज्वळ कुटुंबाने लांब केसांवर गाणं कसं गायचं? लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि त्याच वर्षी गांजा ओढताना सापडला म्हणून बडने बिलला हाकलून दिलं. एकविशीतला मुलगा, बँडचा मुख्य मेंदू. बापाच्या हातात बाटली चालते, मुलाच्या हातात गांजा चालत नाही.

बँड त्यानंतर सावरलाच नाही. बिल पुढे कॅनडात गेला, तिथे कंट्री संगीतात नाव कमावलं, तब्येत मात्र पार गेली. बॅरी २००५ च्या कत्रिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये अडकला. १ सप्टेंबरला त्याने सुझनच्या फोनवर निरोप ठेवले, त्यानंतर काहीच नाही. डिसेंबरच्या शेवटी चार्टर्स स्ट्रीटच्या धक्क्याखाली मृतदेह सापडला, दातांवरून ओळख पटली. २००६ च्या फेब्रुवारीत न्यूपोर्टला बॅरीची शोकसभा होती. भावंडं तिथे जमलेली असतानाच बिल कॅल्गरीत गेल्याची बातमी आली.

---

साडेमाडे

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

---

निवांत पाटील

बंड्या, हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

तरी एक विचारतो. सगळेच घरगुती बँड असे नसणार. बी जीज? त्यांचा बापही संगीतातलाच होता ना?

---

रेकॉर्डप्लेअर

हो, बी जीज म्हणजे गिब भावंडं, बाप ह्यू गिब. स्वतः ड्रमर, मँचेस्टरच्या भागात वाद्यवृंद चालवायचा. १९५८ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. क्वीन्सलंडमध्ये रेडक्लिफच्या मोटार शर्यतींच्या मैदानावर बॅरी, रॉबिन आणि मॉरिस शर्यतींच्या मधल्या वेळात गायचे आणि लोक धावपट्टीवर नाणी फेकायचे. ती उचलायची, पुन्हा गायचं. ह्यूबद्दल मारझोडीच्या कथा नाहीत. पण १९६७ मध्ये इंग्लंडला परतल्यावर कारभार रॉबर्ट स्टिगवुड या बाहेरच्या माणसाकडे गेला, हे महत्त्वाचं. बाप बापाच्या जागी राहू शकला.

भांडणं तिथेही झाली. १९६९ मध्ये रॉबिन सोडून गेला, वर्षभराने परत आला. डिस्कोची लाट उलटल्यावर, १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानात लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटात उडवल्या त्या सुमारास, तर रेडिओवाले त्यांचं नाव घ्यायला तयार नव्हते. धाकटा अँडी १९८८ मध्ये तीस वर्षांचा होताच गेला. म्हणजे दुःख कमी नाही. फक्त ते दुःख एका माणसाने हिशेबाच्या वहीत दडवलेलं नव्हतं.

---

कोर्टकचेरी

व्यवसायाने वकील, म्हणून पैशाच्या बाजूने थोडं लिहितो.

बालकलाकाराची कमाई आईबापांची, असाच कायदा बराच काळ होता. 'द किड' चित्रपटात चॅप्लिनबरोबर दिसलेला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याने कमावलेले तीस-चाळीस लाख डॉलर आई आणि सावत्र बापाने उडवलेले. १९३८ मध्ये तो कोर्टात गेला, हाती सव्वा लाखाच्या आसपास लागले. त्यातून कॅलिफोर्नियात १९३९ चा कायदा आला. पण त्याला इतक्या पळवाटा की त्याचा उपयोग होणाऱ्यांची संख्या फारच थोडी. २००० पासून सुधारणा लागू झाली आणि कमाईचे १५ टक्के मुलाच्या नावे बाजूला टाकणं सक्तीचं झालं. काउसिल ऱ्होड आयलंडचे, काळ १९६७ चा. त्यांच्या पदरात यातलं काहीच पडलं नाही.

आपल्याकडे बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी, अपवाद दोन. एक, शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या उद्योगात मदत. दुसरा, चित्रपट, मालिका, जाहिराती अशा क्षेत्रात कलाकार म्हणून काम. २०१७ च्या नियमांत कलाकार मुलासाठी अटी आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट टाकायचे.

आता मजा बघा. घरात आई व्हिडिओ काढते, बाबा जाहिरातदारांशी बोलतात, पोरगी रोज नाचते, चॅनेलला लाखो लोक. निर्माता कोण? आईबाप. मदत की काम? जिल्हाधिकाऱ्यांकडे अशा घरातून कोण अर्ज करायला जातं? बड काउसिलला आज न्यूपोर्टचा धक्काही लागला नसता, एक मोबाइल पुरला असता.

---

ठिपक्यांची रांगोळी

कोर्टकचेरी, फार उपयोगी माहिती. माझी भाची दहा वर्षांची आहे, एका वाहिनीच्या गाण्याच्या कार्यक्रमात निवड झालीये. वीस टक्क्यांबद्दल तिच्या आईला कोणीच काही बोललेलं नाही. निर्मात्यांनी सह्यांसाठी बारा पानी करार पाठवलाय. तिने कोणाला विचारायचं?

---

कोर्टकचेरी

सही करायच्या आधी निर्मात्याकडे दोन गोष्टी लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या हमीपत्राची प्रत, त्यात मुलांची नावं, पालकांची संमती आणि मुलांची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव असतं. आणि ठेवीसाठी भाचीच्या नावाच्या खात्याचा तपशील करारात कुठल्या कलमात आहे ते. खातं आधी उघडून ठेवा, म्हणजे 'खातं नव्हतं म्हणून आईच्या खात्यात टाकले' हे उत्तर येणार नाही. करारात तिच्या आवाजाचे आणि नावाचे हक्क किती वर्षांसाठी जातायत तेही बघा. वर जॅक्सन भावंडांच्या नावाचं काय झालं ते झिपरींनी लिहिलंच आहे. बारा पानं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून सांगतो. फी नाही.

---

ठिपक्यांची रांगोळी

पाठवलं. नावाचं कलम सातव्या पानावर आहे, 'कायमस्वरूपी' असा शब्द आहे.

---

कोर्टकचेरी

तो शब्द काढून घ्यायचा. रात्री फोनवर बोलू.